मॉडेलवर पाऊस पडत नाही

बेळगावात घर बांधायला काढलेला माणूस माझ्या खोलीवर येतो तेव्हा त्याचं घर मोबाइलमध्ये आधीच तयार असतं. पांढरं, चौकोनी, सपाट डोक्याचं. कोपऱ्यावर दोन मजली काच, पुढे गाडीवर अधांतरी काढलेला स्लॅब. माणूस खानापूरचा असो, निपाणीचा असो, गोकाकचा असो, मराठीत बोलू दे नाहीतर कन्नडमध्ये, फोटो बहुतेक तोच. "एलिव्हेशन असंच पाहिजे बघा," एवढं सांगतो आणि फोन माझ्यासमोर धरतो.

मी आर्किटेक्ट नव्हे. आर्किटेक्टांनी आणि बिल्डरांनी काढलेल्या नकाशांची मॉडेलं करतो. एमडीएफ आणि ॲक्रिलिक उद्यमबागेतून लेझरवर कापून आणायचं, टिळकवाडीतल्या खोलीत बसून एकेक भिंत चिकटवायची, सबमिशनच्या आठवड्यात आर्किटेक्चरच्या पोरांची अर्धवट मॉडेलं सावरून द्यायची, असं कामाचं स्वरूप. इतकी पांढरी घरं हाताखालून गेल्यावर साहजिकच मनात आलं की हे एकच चित्र अथणीपासून कणकुंबीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बसलं कसं. सिनेमा, जाहिराती, इन्स्टाग्राम ही अलीकडची कारणं झाली. मागं मागं वाचत गेलो तेव्हा चित्र जिथं पक्कं झालं ती जागा सापडली, आणि ती माझ्याच धंद्यातली निघाली: प्रदर्शनातलं मॉडेलचं टेबल.

न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, ज्याला सगळे मोमा म्हणतात, तेव्हा नवीन होतं आणि फिफ्थ अव्हेन्यूवर भाड्याच्या जागेत होतं. तिथं ९ फेब्रुवारी १९३२ रोजी आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन उघडलं. ते मांडलं हेन्री-रसेल हिचकॉक या इतिहासकारानं आणि फिलिप जॉन्सन या पंचविशीतल्या तरुणानं. जॉन्सन पुढे मोठा आर्किटेक्ट झाला, पण त्या वेळी त्यानं या विषयाचं शिक्षणसुद्धा घेतलेलं नव्हतं. सहा आठवड्यांत सुमारे ३३ हजार लोक येऊन गेले. न्यूयॉर्कच्या मानानं हा आकडा काही फार मोठा नाही. खरं काम झालं ते नंतर. प्रदर्शन पेट्यांत भरून अमेरिकाभर फिरवलं गेलं, आणि फक्त संग्रहालयांतून नव्हे. शिकागोत आणि लॉस एंजेलिसमध्ये ते चक्क मोठ्या दुकानांत लागलं. कपडे आणि भांडी घ्यायला आलेल्या माणसांनी तिथं ल कॉर्ब्युझिए, मीस व्हॅन डेर रोह आणि ग्रोपिअस या युरोपातल्या आर्किटेक्टांची कामं पाहिली.

मांडणाऱ्यांनी नव्या वास्तुकलेची तीन लक्षणं सांगितली. इमारत जड वस्तुमानासारखी वाटू नये, आत जागा कोंडलेल्या हलक्या पेटीसारखी वाटावी. डावी-उजवी बाजू सारखी करण्याचा आग्रह नको, पण मांडणीत शिस्त हवी. आणि वरून चिकटवलेली नक्षी नको. या शैलीला त्यांनी 'इंटरनॅशनल स्टाइल' असं नाव दिलं आणि त्या नावाचं पुस्तकही काढलं. कोणत्या देशात, कोणत्या हवेत, हा प्रश्न त्या नावातच मागे पडला.

त्या दालनाचे जुने फोटो मोमाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. मी ते मोठे करून करून, कारागिराच्या नजरेनं पाहिलेत. भिंतींवर मोठे केलेले फोटो आणि मधे टेबलांवर मॉडेलं. त्यांत कॉर्ब्युझिएच्या व्हिला साव्हाचं मॉडेल होतं, मीसच्या टुगेनढाट घराचं होतं, ग्रोपिअसच्या डेसाऊमधल्या बाउहाउसचं, म्हणजे जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेचं होतं. आता टेबलावरचं मॉडेल माणूस कसा बघतो ते मला रोज दिसतं. तो वरून बघतो. खऱ्या घराचं छप्पर रस्त्यावरून सगळ्यात कमी दिसतं. मॉडेलमध्ये तेच सगळ्यात आधी दिसतं. उतरतं कौलारू छप्पर मॉडेलवर ठेवलं की खालचं सगळं झाकून जातं, बघणारा दोन मिनिटांत पुढे सरकतो. सपाट छप्पर ठेवा, त्यावर गच्ची, बाग, जिन्याचा वळसा दाखवा, लोक रेंगाळतात, बोट दाखवून बोलायला लागतात. सपाट छपराची बाजू मॉडेल आपणहून घेतं. हे मी कुठं वाचलेलं नाही, हातानं करून कळलेलं आहे, आणि १९३२ च्या त्या टेबलांभोवतीही हेच झालं असणार अशी माझी खात्री आहे.

रंगाचंही तसंच. भिंतींवरचे फोटो कृष्णधवल होते. ब्रूनो टाउट या जर्मन आर्किटेक्टनं १९२७ मध्ये श्टुटगार्टला बांधलेलं घर भडक रंगांचं होतं. खुद्द कॉर्ब्युझिएच्या घरांत निळा, गुलाबी, विटकरी असे रंग होते. फोटोत ते सगळं करडं आणि पांढरं झालं. मग आधुनिक म्हणजे पांढरं असं लोकांनी धरलं.

व्हिला साव्हाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मोबाइलमधल्या त्या घराचं ते आजोबा आहे. पॅरिसजवळ प्वासी गावात, १९२८ ते ३१ च्या दरम्यान बांधलेलं. बारीक खांबांवर उचललेली पांढरी पेटी, लांबच लांब आडव्या खिडक्या, खालून वरपर्यंत जाणारा रॅम्प, वर गच्चीतली बाग. त्याचं मॉडेल न्यूयॉर्कला लोक कौतुकानं बघत होते, आणि खरं घर मात्र गळत होतं. मालकीणबाई मादाम साव्हा यांची कॉर्ब्युझिएला गेलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. १९३६ च्या पत्रात त्या सांगतात की हॉलमध्ये पाऊस पडतोय, रॅम्पवर पडतोय आणि गॅरेजची भिंत पार भिजून गेली आहे. काही वर्षांतच कुटुंबानं ते घर सोडलं. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. २०१६ मध्ये युनेस्कोनं कॉर्ब्युझिएच्या ज्या १७ कामांना एकत्रित जागतिक वारसा ठरवलं त्यात तेही आहे आणि आपल्या चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्सही. मला ते घर मनापासून आवडतं. त्या रॅम्पवरून चालत जाण्याची कल्पना करूनच अंगावर काटा येतो. पण प्रदर्शनानं जगाला दिलं ते मॉडेल, आणि मादाम साव्हा यांची पत्रं राहिली फायलीत.

त्याच प्रदर्शनात कामगारांच्या वसाहतींचा एक वेगळा विभाग होता, शहरं आणि घरं या विषयांवर लिहिणाऱ्या लुईस ममफर्ड आणि कॅथरीन बाउअर यांच्या विचारांतून आलेला. युरोपात या नव्या वास्तुकलेचं मोठं कारणच ते होतं: युद्धानंतर घरं नव्हती, गर्दीच्या चाळींत क्षय होता, ऊन-वारा-स्वच्छता स्वस्तात द्यायची होती. नक्षी टाळण्यामागं पैशाचा हिशोबही होता. लोकांच्या लक्षात राहिले ते श्रीमंतांचे बंगले. आपल्याकडेही तेच. साधं घर म्हणून सुरू झालेलं रूप आज बेळगावात कौलारू घरापेक्षा महाग पडतं, आणि महाग आहे म्हणूनच हवं असतं.

आता श्टुटगार्टचं बघा. १९२७ मध्ये जर्मन वेर्कबुंड या संस्थेनं तिथल्या एका टेकडावर, वायसेनहोफला, प्रदर्शन म्हणून खरीच घरं बांधली. मीसच्या देखरेखीखाली २१ इमारती उभ्या राहिल्या. लाखो लोक आत शिरून फिरले. ओट्याची उंची हातानं मोजली, जिना चढून बघितला, मुलांची खोली लहान वाटते म्हणून कुरकुर केली असेल. ज्यांना नाही पटलं ते का नाही पटलं हे सांगू शकले असतील, कारण त्यांनी दार उघडून बघितलं होतं. पुढे नाझींच्या काळात त्याच वसाहतीत उंट आणि अरब माणसं चिकटवून टिंगलीचं पोस्टकार्ड निघालं. त्यावरून ती घरं लोकांना किती झोंबली होती ते कळतं. काही घरं युद्धात गेली, बरीच आजही आहेत, कॉर्ब्युझिएच्या जोडघरात संग्रहालय आहे. प्रदर्शन कसं असावं असं कुणी मला विचारलं, तर मी हेच नाव घेईन.

आपल्या भागापर्यंत हे सगळं आलं मुंबईच्या वाटेनं. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. शिकलेला आर्किटेक्ट म्हणजे जे. जे.चा, इंजिनीअर म्हणजे पुण्याचा. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. सजवलेल्या खोल्या, नव्या धाटणीचं फर्निचर, स्वयंपाकघर, न्हाणीघर. मध्यमवर्गीय मराठी, गुजराती, पारशी कुटुंबं ते बघून मरीन ड्राइव्हवर आणि दादर-माटुंग्यात उठणाऱ्या नव्या इमारतींत राहायची स्वप्नं बघू लागली. त्या इमारतींतल्या कितीतरी गजानन बाबुराव म्हात्रे यांनी काढल्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. सिमेंट कंपन्यांनी नमुना घरांच्या पुस्तिका काढल्या. पुण्याचे इंजिनीअर आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांच्या घरांवर नकाशांसकट पुस्तकं लिहिली. ही छापील पानं म्हणजे घरपोच प्रदर्शनच होतं. मामलेदार, वकील, मास्तर मंडळी ती चाळून गवंड्याला दाखवायची.

माझे वडील शहापूरच्या कौलारू घरात वाढले: पुढे कट्टा, मग सोपा, माजघर, मागे परडं आणि विहीर. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टिळकवाडीच्या पलीकडे प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधलं. स्लॅब पडला त्या दिवशी गवंड्यांना जेवण झालं, आणि पुढे वर्षभर नातेवाईक आणि ऑफिसातली माणसं ते घर बघायला यायची. वडील त्यांना आधी सोप्यात बसवायचे नाहीत, थेट गच्चीवर न्यायचे. कौलावर चढणं म्हणजे मे महिन्यातलं धोक्याचं काम, फुटकी कौलं काढून शाकारणी करायची. आणि इथं माणूस आपल्या घराच्या डोक्यावर उभा राहून शेजाऱ्याशी बोलतोय. तो आनंद खरा होता. आधुनिक घरानं आमच्या घरातल्या बायकांना उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा दिला, आत न्हाणीघर आणि संडास दिला, आजीला रात्री कंदील घेऊन परड्यात जायचं थांबलं. जुन्या वाड्यांच्या आठवणीत रमणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग काही पावसाळ्यांनी छताला ओल आली. डांबर झालं, फुटक्या टाइल्सचा थर झाला, वॉटरप्रूफिंगची पावडर झाली. शेवटी वडिलांनी गच्चीवर लोखंडी अँगल उभे करून पत्रा घातला, उतरता. गल्लीतल्या बहुतेकांनी घातला. कपिलेश्वर उड्डाणपुलावर थांबून शहापूरच्या बाजूला बघा: स्लॅबच्या घरांवर निळे, तांबडे, हिरवे पत्रे, सगळे उतरते. कौलं काढून टाकली आणि त्यांचा उतार पत्र्याच्या रूपानं परत आला. मी आजवर केलेल्या एकाही मॉडेलवर हा पत्रा नाही. नकाशात नसतो, एलिव्हेशनमध्ये नसतो, ब्रोशरमध्ये नसतो. घर पुरं झाल्यावर पाच-सात वर्षांनी तो येतो, आणि मग तेच त्या घराचं खरं छप्पर असतं.

आमचा जिल्हा या बाबतीत विलक्षण आहे. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे सह्याद्रीचा धो धो पाऊस, बेळगाव शहरात त्याहून कमी तरी चार महिने भिजवणारा, आणि पूर्वेला अथणीकडे कोरडं. अथणीच्या बाजूला सपाट माळवदं पिढ्यान् पिढ्या आहेत: लाकडी तुळया, वर माती, त्यावर धान्य वाळत घालायचं, उन्हाळ्यात झोपायचं. म्हणजे सपाट छप्पर तिथं कुणी पॅरिसहून आणलेलं नाही. आणि खानापूरकडे ज्याला आपण जुनं म्हणतो ते मंगळुरी कौल तरी कुठं आदिम आहे? बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तिथं यंत्रानं दाबलेली, एकमेकांत खाच अडकणारी कौलं निघाली, आणि मग किनाऱ्याभर तसे कारखाने झाले. त्याआधी कुंभारानं चाकावर केलेले अर्धगोल नळे होते. मंगळुरी कौल ही कारखान्यात तयार झालेली, मापात बसणारी, नक्षीविना, स्वस्त वस्तू आहे. १९३२ च्या त्या लक्षणांना ती चोख उतरली असती. पण ती कुठल्या दालनात मांडली गेली नाही, म्हणून आपल्या लेखी ती आधुनिक झालीच नाही.

गेल्या काही वर्षांत एक उलटी गोष्ट दिसते. जांबोटी-आंबोलीकडचे रिसॉर्टवाले माझ्याकडून कौलारू छपरांची मॉडेलं करून घेतात. शहरातल्या सुट्टीवरच्या पाहुण्याला कौल हवं असतं आणि गावातल्या माणसाला स्लॅब. याचंही एक मूळ मोमातच आहे. १९६४ च्या नोव्हेंबरात तिथंच बर्नार्ड रुडॉफ्स्की यानं आर्किटेक्टांशिवाय झालेल्या वास्तुकलेचं प्रदर्शन लावलं: डोंगरातली गावं, मातीची कोठारं, सिंधमधल्या हैदराबादेतल्या घरांवर वारा पकडायला उभारलेले झरोके. हे प्रदर्शनही पुढे बरीच वर्षं देशोदेशी फिरलं आणि अनेक तरुण आर्किटेक्टांचे डोळे त्यानं उघडले. तरीही ते होते फोटोच. तिथल्या बाईला पाणी किती लांबून आणावं लागतं ते फोटोत येत नाही. गावचं घर देखणं ठरलं, पण राहण्याच्या दृष्टीनं त्याचा विचार झाला नाही.

आमच्या भागातली शाळकरी पोरं सहलीला कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाला जातात. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय मी स्वतः तासन् तास बघितलंय. सिमेंटची पूर्णाकृती माणसं, लोहार, कुंभार, न्हावी, शेतकरी, त्यांची घरं, गोठे. खाली हावेरीकडे गोटगोडीच्या रॉक गार्डनमध्येही उत्तर कर्नाटकातलं गाव असंच उभं केलंय. मूर्तींच्या बोटांवरच्या नखांपर्यंत काम आहे, कारागीर म्हणून माझा त्यांना नमस्कार आहे. पोरं तिथून जे घेऊन येतात ते पक्कं असतं, कारण त्यांनी ते आत फिरून बघितलेलं असतं. पण घर या विषयावर आमच्याकडे प्रदर्शन म्हणाल तर दोनच टोकं: एकीकडे बारा बलुतेदारांचं गाव, दुसरीकडे बिल्डरांच्या स्टॉलवरचं पांढरं मॉडेल. मधली सत्तर-ऐंशी वर्षं, ज्यांत आपले आई-बाप राहिले, ती कुठंच मांडलेली नाहीत.

अशाच एका बिल्डरांच्या प्रदर्शनात माझं रो-हाउसचं मॉडेल ठेवलं होतं. जांबोटीकडच्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. त्यांनी टेबलाभोवती फेरी मारली, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पाऊस कुणीकडनं येऊलाय ते कुठं दिसतंय हेच्यात?" स्टॉलवरच्या पोरानं उत्तर दिशेचा बाण दाखवला. आजींनी मान हलवली. "उत्तर न्हवं रे बाळा. झड कुठली बाजू मारत्या? आमच्यात त्या अंगाला ताट्या बांधत्यात पावसाआधी. हितं तर त्याच अंगाला काच हाय." मॉडेलसमोर इतका नेमका प्रश्न विचारलेला मी दुसऱ्या कुणाला ऐकलेलं नाही, आणि त्यात नामवंत कॉलेजांचे परीक्षक धरले आहेत. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मॉडेलच्या पाटावर उत्तरेच्या बाणाशेजारी एक निळा बाण असतो, नैर्ऋत्येकडून येणारा. कुणी काढायला सांगितलं तर मी आजींची गोष्ट सांगतो. बहुतेक वेळा बाण राहतो.

२०१६ च्या सुरुवातीला मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' हे प्रदर्शन भरलं होतं. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी मांडलेलं. रात्रीची बस धरून गेलो. सर कावसजी जहांगीर हॉलच्या त्या गोल इमारतीत जिन्यानं वर चढत जावं तसतसा स्वातंत्र्यानंतरचा भारत उलगडत होता: सरकारनं बांधलेली नवी शहरं आणि संस्था, मग उदारीकरणानंतरचं चित्र. इतका आवाका असलेलं वास्तुकलेचं प्रदर्शन आपल्याकडे क्वचितच झालंय. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८६ मध्ये भारत महोत्सवासाठी 'विस्तार' हे प्रदर्शन मांडलं होतं, त्याची आठवण तिथं जाणती मंडळी काढत होती. मला तिथं आनंद झाला आणि एक खंतही वाटली: आजूबाजूला जवळजवळ सगळे विद्यार्थी आणि आर्किटेक्ट. घर बांधणारा, घरात राहणारा माणूस विरळा. पाट्यांवरची भाषाही त्याच्याशी बोलणारी नव्हती.

त्याची किंमत काय असते ते वर्षभरातच दिसलं. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स, राज रेवाल यांनी रचलेला, महेंद्र राज यांनी गणित सोडवलेला, १९७२ च्या एशिया मेळ्यासाठी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी उभा राहिलेला. परदेशात असा जाळीदार सांगाडा पोलादाचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग आणि दुर्मिळ, म्हणून तो काँक्रीटमध्ये, मजुरांच्या हातांनी ओतून केला. आत एकही खांब नसलेला ७८ मीटरचा गाळा. एप्रिल २०१७ मध्ये तो रातोरात पाडला. साठ वर्षांपेक्षा नवी इमारत वारसा ठरत नाही, असं कारण दिलं गेलं. देशभरच्या आर्किटेक्टांनी हाकाटी केली, पण ज्या लाखो लोकांनी त्या छताखाली पुस्तक मेळे बघितले त्यांना आपलं काही गेलं असं वाटलंच नाही. छताकडे बघायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, मोमानंच दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचं प्रदर्शन केलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका. त्यासाठी मुद्दाम नवी मॉडेलं करवून घेतली, आणि हॉल ऑफ नेशन्सचं मॉडेलही तिथं होतं. मी त्याचे फोटो बघून त्या काडीजोडीचा अभ्यास केलाय. काय नाजूक काम आहे! त्या प्रदर्शनात आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांचं कामही होतं. कानविंदे आचऱ्याचे, म्हणजे आमच्याकडून आंबोली घाट उतरला की जवळच. जे. जे.मध्ये शिकले, १९४० च्या दशकात हार्वर्डला ग्रोपिअसच्या हाताखाली गेले. तोच ग्रोपिअस, ज्याच्या बाउहाउसचं मॉडेल १९३२ च्या टेबलावर होतं. परत येऊन कानविंदेंनी आयआयटी कानपूर उभारलं, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र केलं. बेळगावची पोरं सहलीला त्या विज्ञान केंद्रात जातात, आतली यंत्रं बघतात आणि इमारत न बघता परत येतात.

न बघता म्हणालो, पण जिथं इमारत स्वतः आत ओढून घेते तिथं कुणी समजावून सांगावं लागत नाही. पणजीची कला अकादमी घ्या, कोरियांचीच. इथून गोव्याला गेलेला आमचा माणूस मांडवीच्या काठानं चालता चालता तिच्या त्या मोकळ्या, छपराखालच्या अंगणात शिरतो, सावलीत बसतो, नदीचा वारा घेतो. मी माझ्या मेव्हण्याला विचारलं, कसं वाटलं? तो सेंट्रिंगचं काम करतो. म्हणाला, "पडवीत बसल्यागत." काँक्रीटची ती एवढी मोठी इमारत, आणि त्याला आपली पडवी सापडली.

माझ्या मनात बेळगावात एक प्रदर्शन करायचं आहे, १९५० ते १९८० च्या दरम्यान हिंदवाडी, टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कॅम्पच्या कडेला, खानापूर आणि निपाणीत बांधलेल्या साध्या घरांचं. ती कुणी नामवंतांनी काढलेली नाहीत. ड्राफ्ट्समननं आणि गवंड्यानं मिळून, मालकाच्या हातातली पुस्तिका बघत केलेली आहेत. मॉडेलं टेबलावर ठेवणार नाही; डोळ्याच्या पातळीवर ठेवणार, म्हणजे माणूस रस्त्यावरून बघतो तसा बघेल. प्रत्येक घर मधोमध कापलेलं, भिंतीची जाडी, स्लॅबचा उतार, पाणी कुठून वाहतं ते दिसेल असं. एकाच घराची दोन मॉडेलं शेजारी: वास्तुशांतीच्या दिवसाचं आणि आजचं, पत्र्यासकट, वाढवलेल्या खोलीसकट, जाळी ठोकून बंद केलेल्या बाल्कनीसकट. अथणीचं माळवद आणि खानापूरचं कौल एकाच ओळीत. पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये, घरात बोलतो त्या भाषेत. आणि हात लावायला परवानगी. तुटलं तर मी आहे चिकटवायला.

त्यासाठी जुने नकाशे हवे आहेत. त्या काळातल्या निळ्या किंवा जांभळ्या अमोनिया प्रिंट घडीवर फाटतात आणि ट्रंकेत वाळवी लागते, म्हणून घरी असतील तर उलगडून उजेडात सपाट फोटो काढून ठेवा, घरपट्टीच्या कागदांसोबत टाकून देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तीन गोष्टी लिहून ठेवल्यात तर माझं मोठं काम होईल: स्लॅब कुठल्या वर्षी पडला, पत्रा कुठल्या वर्षी चढला, आणि झड कुठल्या बाजूनं येते.